‘डायल-अप बॅकअपवर डायनॅमिक राउटिंग नकोच’ म्हणणाऱ्यांना उत्तर

नेटवर्कवाल्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं हातोहात फिरतोय: ‘डायल-अप बॅकअपवर डायनॅमिक राउटिंग (राउटरनी आपापसात बोलून रस्ते ठरवणं) चालवूच नये. फ्लोटिंग स्टॅटिक (हाताने लिहिलेला, मुख्य रूट गेला की वर येणारा राखीव रूट) टाका, डायलर-लिस्टमध्ये (कशासाठी फोन लावायचा याच्या यादीत) ओएसपीएफ (डायनॅमिक राउटिंगचा एक प्रोटोकॉल) डिनाय करा. डिमांड सर्किटच्या (गरजेपुरताच फोन लावण्याच्या ओएसपीएफमधल्या सोयीच्या) नादी लागू नका. तरी लाइन पडत-लागत राहिली, तर आयडल टाइमआउट (कामाचं ट्रॅफिक थांबल्यापासून कॉल कटेपर्यंतचा वेळ) वाढवा.’ लीज्ड लाइन (कायम जोडलेली भाड्याची लाइन) आणि तिच्या मागे आयएसडीएन (फोन लावून जोडायची डिजिटल लाइन), अशा शाखा मी बरीच वर्षं सांभाळल्या. हा सल्ला पाळून लोकांचे आठवडेच्या आठवडे वाया गेलेले पाहिले आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो. कमांड सिस्कोच्या राउटरच्या आहेत.

‘ओएसपीएफ असेल तर लाइन कधी कटतच नाही.’ हे अर्धं खरं आहे. हॅलो (शेजारच्या राउटरला ‘मी आहे’ असं सांगणारं ओएसपीएफचं पॅकेट) दर १० सेकंदांनी जातो आणि आयडल टाइमआउट मुळात १२० सेकंदांचा असतो. डायलर-लिस्टमध्ये सरसकट ‘आयपी परमिट’ लिहिलं, तर प्रत्येक हॅलो टायमर पुन्हा १२० वर नेतो आणि कॉल दिवसरात्र चालू राहतो. पण ही चूक त्या एका ओळीची आहे. ओएसपीएफ डिनाय केलं की हॅलोमुळे फोन लागत नाही, हे बरोबरच. मात्र डिनाय म्हणजे पॅकेट अडवलं, असं नव्हे. कोणासाठी फोन लावायचा आणि कोणासाठी लाइन धरून ठेवायची, एवढंच डायलर-लिस्ट ठरवते. फोन दुसऱ्या कोणत्या ट्रॅफिकने लावला असेल, तर हॅलो त्याच लाइनवरून जातो, नेबर (समोरच्या राउटरशी ओळख) जमतो, दोन्हीकडे रूट येतात. म्हणजे डायनॅमिक राउटिंग बंद करायला म्हणून जो उपाय सांगितला जातो, त्याच्यासकट ते नीट चालू शकतं.

‘फ्लोटिंग स्टॅटिक पुरतं.’ एका शाखेला, एका सबनेटला खुशाल पुरतं. मीही तिथे तेच टाकतो. पण ते तरंगतं कशावर? ओएसपीएफचं डिस्टन्स (रूटच्या विश्वासाचा आकडा, कमी असलेला जिंकतो) ११०, स्टॅटिकला आपण २०० देतो. ओएसपीएफचा रूट टेबलातून गेला की मगच स्टॅटिक वर येतो. मुख्य लाइनवर डायनॅमिक राउटिंग नसेल, तर इंटरफेस डाउन होण्याची वाट बघत बसावं लागतं. फ्रेम रिलेवर (टेलिकॉम कंपनीच्या स्विचमधून जाणाऱ्या लाइनवर) पलीकडची बाजू मेली, तरी आपला राउटर आणि जवळचा स्विच यांच्यातलं एलएमआय (लाइन ठीक असल्याची विचारपूस) चालूच असतं. इंटरफेस अप, शाखा बंद. ओएसपीएफ मात्र ४० सेकंद हॅलो आला नाही की नेबर काढून टाकतो. शिवाय मास्क (पत्त्यातला नेटवर्कचा भाग किती ते सांगणारा, /१६, /२४ असा) तंतोतंत जुळला पाहिजे. ओएसपीएफकडून १०.२०.०.०/१६ येतोय आणि तुम्ही १०.२०.५.०/२४ चा स्टॅटिक लिहिलात, तर जास्त नेमका रूट आधी निवडला जातो, म्हणून डिस्टन्स २०० असो की २५०, त्या सबनेटचं ट्रॅफिक पहिल्या दिवसापासून आयएसडीएनवरच जाणार.

आणि परतीच्या वाटेचं काय? दोन्ही टोकांना फ्लोटिंग स्टॅटिक लिहिला, तर प्रत्येक टोक आपापलं ठरवतं. लाइन एकाच दिशेने बिघडली, तर शाखा आयएसडीएनवरून पाठवते आणि मुख्यालय अजून लीज्ड लाइनवर उत्तरं टाकत बसतं. ओएसपीएफच्या हॅलोमध्ये समोरच्याचा आयडी असतो. मी त्याला ऐकू येत नाही, हे त्यावरून कळतं आणि दोन्ही बाजू ती लाइन सोडतात. आणखी एक अडचण मला बऱ्याचदा भेटली आहे: लाइन गेली की शाखा मुख्यालयाला फोन लावते, त्याच क्षणी मुख्यालय शाखेला लावतं आणि दोघांनाही एंगेज मिळतो. फोन एकाच बाजूने लावावा. मुख्यालयाच्या डायलरवर नंबरच लिहू नये.

आता डिमांड सर्किट. ‘ते चालतच नाही, लाइन उगाच लागते’ ही तक्रार सगळ्यांत जास्त, आणि माझ्या मते सगळ्यांत अन्यायाची. त्याचं प्रमाण ठरवणारं आरएफसी १७९३ हे १९९५ सालचं, जॉन मॉय यांचं. कल्पना साधी: नेबर एकदा जमला की हॅलो दाबायचे, एलएसएवर (ओएसपीएफ एकमेकांना कळवतं त्या नेटवर्कच्या नोंदींवर) ‘डू नॉट एज’ची, म्हणजे जुनी धरू नका अशी, खूण करायची आणि टोपोलॉजी (नेटवर्कची रचना) खरोखर बदलली तरच फोन लावायचा. इथे डायलर-लिस्टमध्ये ओएसपीएफ परमिटच हवं. नेटवर्क टाइप पॉइंट-टू-पॉइंट किंवा पॉइंट-टू-मल्टिपॉइंट हवा, ब्रॉडकास्टवर हॅलो दबत नाहीत.

एका शाखेतून फोन आला: ‘साहेब, बी१चा (आयएसडीएनच्या पहिल्या चॅनलचा) दिवा विझतो आणि लगेच परत लागतो.’ निदानाचं निम्मं काम त्या वाक्यानेच केलं. ‘शो डायलर’मध्ये ‘डायल रीझन’समोर डेस्टिनेशन २२४.०.०.५, म्हणजे फोन ओएसपीएफनेच लावलेला. ‘डीबग आयपी ओएसपीएफ मॉनिटर’ लावल्यावर बदलणारा एलएसए दिसला: पलीकडच्या टोकाचाच /३२ (एकट्या यंत्राचा) पत्ता. पीपीपी (कॉलवरून दोन राउटर जोडणारा प्रोटोकॉल) जोडलं गेलं की राउटर समोरच्याचा /३२ रूट टेबलात टाकतो, कॉल कटला की काढतो. त्या राउटरवर रिप (दुसरा एक राउटिंग प्रोटोकॉल) ओएसपीएफमध्ये रिडिस्ट्रिब्यूट होत होतं, म्हणजे त्याचे रूट ओएसपीएफमध्ये ओतले जात होते, आणि तो /३२ त्यातून एक्स्टर्नल (ओएसपीएफबाहेरून आलेला) एलएसए बनून बाहेर पडत होता. कॉल कटला की रूट गेला, रूट गेला म्हणजे टोपोलॉजी बदलली, ते कळवायला पुन्हा फोन. इंटरफेसवर ‘नो पीयर नेबर-रूट’ लिहिलं आणि दिवा विझलेला राहिला.

त्या दिवसापासून मी आधी कॉलची वेळ बघतो. कटताक्षणी लागतोय, तर /३२ बघा. बरोबर ३० मिनिटांनी लागतोय, तर एरियात (ओएसपीएफच्या राउटरांच्या एका गटात) डिमांड सर्किट न समजणारा एखादा जुना राउटर असतो. त्याच्यामुळे ‘डू नॉट एज’ वापरता येत नाही आणि एलएसए दर १८०० सेकंदांनी ताजे होतात. केव्हाही लागतोय, तर एरियात दुसरीकडे कुठली तरी लिंक फडफडतेय. ती दुरुस्त करा आणि शाखा स्टब एरियात ठेवा, म्हणजे बाहेरचे एक्स्टर्नल बदल तिथवर येणारच नाहीत.

राहिला टाइमआउट. /३२च्या त्या शाखेत माझ्या आधी कुणीतरी तो १२० वरून ६०० केला होता. फोन लागण्याचं कारण जागच्या जागी होतं. प्रत्येक कॉल मात्र दोन मिनिटांऐवजी दहा मिनिटं चालत होता, आणि त्याचे पैसे शाखा भरत होती.