पिकअपची मिसिंग

गाडी जुनी झाली की तिच्या आवाजावर अख्ख्या गावाचा हक्क असतो. टोमॅटोचे कॅरेट भरून आमची पिकअप नारायणगाव मार्केटकडे निघाली की फाट्यापर्यंत चार जण तरी हात करून सांगणारच, "मिसिंग मारतीय ओ!" जसं काही मला आत बसून ते ऐकूच येत नव्हतं.

ऐकू काय, मणक्यातून कळत होतं. न्यूट्रलला इंजिन मिनिटाला 800 च्या आसपास फिरतं, आणि प्रत्येक सिलिंडरची डिझेल पेटवायची पाळी दोन फेऱ्यांतून एकदा येते. एकाने दांडी मारली, म्हणजेच मिसिंग, की मिनिटाला 400 हिसके. आरशात मागून येणारी एसटी एकाच वेळी तीन-तीन दिसायची. कल्याणहून रिकामे कॅरेट घेऊन माळशेज चढताना मागच्या ट्रकवाल्याने जे हॉर्न दिले, त्यांचा अर्थ इथे लिहिता येत नाही.

आई म्हणाली, उचकी लागलीय, जुना मालक आठवण काढत असेल. आबा म्हणाले, विकून टाक. आबा हे बैलांच्या वेळेपासून म्हणतात.

दाजींनी फोनवरच निदान केलं. "प्लग काढ, पॉलिश पेपर मार." दाजींची हयात पेट्रोलच्या मोटारसायकलवर गेली. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतोच. हवा दाबून दाबून इतकी तापते की डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. हे मी समजावून सांगितलं. दाजी म्हणाले, "तेच म्हणतोय मी. प्लगच नाही, मग मिसिंग मारणारच!" मी विषय वाढवला नाही. बहीण तिथे नांदतेय.

शेवटी गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री कमी बोलणारा. त्याची भरपाई भोवतीची मंडळी करतात. त्याने 17 चा पाना घेतला आणि गाडी चालू ठेवूनच नोझलच्या, म्हणजे सिलिंडरात डिझेलचा फवारा मारणाऱ्या तोटीच्या, पाइपांचे नट एकेक करून सैल करायला सुरुवात केली. यातली गंमत अशी, की नट सैल केला की त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. त्यावर इंजिन अडखळलं तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही, तर तोच कामचुकार. तिसऱ्या नटाला इंजिन ढिम्म. "तिसरा!" मंडळी ओरडली. नवं नोझल कुठे स्वस्त मिळतं यावर चर्चाही सुरू झाली. मिस्त्रीने चहा पिऊन पुन्हा पाना लावला, तर तिसरा ठणठणीत आणि दुसरा गार. पहिल्या निकालावर ठाम राहणारे दोघे होतेच.

"नोझल असतं तर एका जागी बसलं असतं," मिस्त्री म्हणाला. "हा फिरता चोर आहे. हवा घेतीय."

पंपात डिझेलऐवजी बुडबुडा आला की तो नुसता दबतो, नोझल उघडतच नाही. ज्याच्या वाट्याला बुडबुडा, तो सिलिंडर उपाशी. मी म्हटलं, पण गाडीखाली डिझेलचा थेंब नाही! तर म्हणे, टाकीकडून डिझेल ओढलं जातं, त्यामुळे तिथली चीर गळत नाही, हवा पिते.

खात्री करायची तर आरपार दिसणारी नळी हवी. शेजारी भिंतीचं काम चाललं होतं. गवंड्याची लेव्हलची नळी खुंटीला होती, गवंडी जेवायला गेला होता. ती मिस्त्रीने फिल्टरच्या अलीकडे जोडली. गाडी चालू केली आणि सगळी डोकी बॉनेटखाली. पिवळसर डिझेलमधून बारीक बारीक बुडबुडे, एकामागे एक, अगदी रांगेत. इतकी शिस्त मी मार्केटच्या गेटवरसुद्धा पाहिलेली नाही.

टाकीजवळच्या रबरी पाइपला, क्लिप चावते तिथेच, चीर होती. वाकवल्याशिवाय दिसत नव्हती. नवा तुकडा, दोन क्लिपा, हँडपंप मारून फेस जाईपर्यंत हवा काढली आणि इंजिन एका सुरात लागलं. मंडळींच्या चहाचं बिल पाइपापेक्षा जास्त झालं. दाजींचा फोन आला, "बदलला ना प्लग?" म्हटलं, चारही बदलले.

मिस्त्रीने नळी फडक्याने पुसून खुंटीला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंड्याने तिचं एक टोक पाण्याच्या बादलीत सोडलं, दुसऱ्याला तोंड लावून ओढलं, आणि मग भिंतीची राहू दिली, आधी आमच्या सात पिढ्यांची लेव्हल काढली.