कांद्याचा रस आणि मोहोरातल्या शिंका

काजूला मोहोर आला की आमच्या फार्मसीत शिंकांचा मोसम सुरू होतो. यंदा सोबत एक फॉरवर्डही आलाय: ‘लाल कांद्याचा अर्क म्हणजे निसर्गाचं सेट्रिझिन. रोज दोन चमचे घ्या, गोळ्या फेकून द्या. वनस्पतिजन्य, अपाय शून्य, सवय लागत नाही.’ सेट्रिझिन म्हणजे ॲलर्जीवरची नेहमीची गोळी. काल एका मावशींनी तो माझ्यापुढे धरला. दुसऱ्या हातात रसाने भरलेली जॅमची बाटली; वास पार दारापर्यंत.

‘कांद्यात ॲलर्जीचं औषध असतं.’ अर्धं खरं. कांद्यात क्वेर्सेटिन नावाचं द्रव्य असतं आणि ॲलर्जीत शरीरातल्या मास्ट पेशींतून सुटणारं, शिंका आणणारं हिस्टामीन ते प्रयोगशाळेत रोखतं. पण तिथे ते पेशींवर थेट ओततात. पोटातून गेल्यावर फार थोडं मूळ रूपात रक्तात उतरतं. शंभर ग्रॅम कांद्यात ते साधारण २० ते ५० मिलिग्रॅम, क्वेर्सेटिनच्या कॅप्सूलमध्ये बहुधा ५००. म्हणजे रोज किलो ते अडीच किलो कांदा. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली कांद्याची माळ किती दिवस पुरेल? त्यातही जास्त क्वेर्सेटिन बाहेरच्या पापुद्र्यांत, आणि मावशींनी नेमके तेच सोलून टाकलेले.

‘वनस्पतिजन्य, म्हणून अपाय शून्य.’ इथे मात्र माझं डोकं फिरतं. बटरबर या युरोपातल्या वनस्पतीच्या अर्काची २००२ साली १२५ रुग्णांवर सेट्रिझिनशी तुलना झाली. दोन आठवड्यांत दोन्हींचा गुण जवळपास सारखाच. म्हणजे अर्काला गुण येऊच शकत नाही, असं मी म्हणणार नाही. पण त्याच वनस्पतीत यकृताला घातक अल्कलॉइड असतात. ब्रिटनमध्ये २०१२ साली ती उत्पादनं बाजारातून मागे घ्यायला लावली. गुण यायचा तर अवगुणही येऊ शकतो. हळदीच्या पानातल्या पातोळ्या खुशाल खा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना हळदीचा अर्क मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

‘गोळ्यांची सवय लागते.’ व्यसन लागत नाही. मात्र महिनोन्‌महिने रोज घेतलेलं सेट्रिझिन एकदम थांबवल्यावर क्वचित कुणाला अंगभर भयंकर खाज सुटते; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये तसा इशारा दिलाय. तेव्हा ‘फेकून द्या’ हा सल्ला रोज गोळी घेणाऱ्यालाच बाधायचा. आणि छातीत शिट्टी वाजणाऱ्याने तर पंप सोडून कांद्याच्या नादी लागूच नये.

राहिला मोहोर. तो निर्दोष आहे असं नाही; गोव्यातल्या दमेकऱ्यांत काजूच्या परागकणांची ॲलर्जी आढळल्याचं १९९५ साली छापून आलंय. पण मावशींना विचारलं तर शिंका बारा महिने, पहाटे उठल्या उठल्या, पावसात जास्त. हे मोहोरापेक्षा गादीतल्या धुळीच्या किड्यांचं लक्षण वाटतं. उशीचे अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, म्हटलं.

“आणि हा रस?”

“आमटीच्या वाटपात घाला, मावशी.”