जावई क्रीजबाहेर

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मास्तराला जनगणना येते, मतदार यादी येते, खिचडीतल्या मुगाचा हिशेब येतो. मग अंपायरिंगही येतच असणार, असं आमच्या गावानं परस्पर ठरवलं त्याला आता 14 वर्षं झाली. दर 26 जानेवारीला झेंडा उतरायच्या आत मंडळाची पोरं दारात. "गुरुजी, तुमीच पायजे. तुमी कोनाच्या बाजूचे नाई." म्हणजे दोन्ही बाजूंच्या शिव्या सारख्याच शांतपणे ऐकणारा, हा अर्थ मला पहिल्याच वर्षी कळला.

मैदान म्हणजे गावाबाहेरची पडीत जमीन. एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला पऱ्हाटी. इंग्लंडात क्रिकेटचे नियम 1744 साली पहिल्यांदा लिहून काढले, आज ते 42 आहेत. आमच्याकडे त्यात दोनाची भर. पऱ्हाटीत बॉल गेला की बॅट्समन आऊट. हा नियम पऱ्हाटीच्या मालकानं हातात उभारी घेऊन तोंडी केला, आणि फुटलेल्या बोंडांत बॉल शोधणारी पोरं काय नासधूस करतात हे पाहिल्यावर मला तो न्याय्यही वाटतो. दुसरा, विहिरीत गेला तर सिक्स, पण मारणाऱ्यानंच उतरून काढायचा. उलट एलबीडब्ल्यू मात्र नाही. एकदा देऊन पाहिला होता. "गुरुजी, पायाले लागला त आऊट कसा? पाय काय तुमचा होय?" याला कायद्यात उत्तर नाही. तेव्हा हिशेबानं आमचे नियम 43.

अंगात पांढरा कोट पाहिजे म्हणून गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरचा आणतात. त्याला फिनाईलचा आणि आणखी कशाचा तरी वास येतो. त्या वासानं बॉलर माझ्याशी हुज्जत घालताना दोन पावलं लांब उभा राहतो, एवढा फायदा. बॉल मोजायला खिशात तुरीच्या सहा शेंगा ठेवतो. दोन वर्षांपूर्वी बोलण्याच्या नादात त्यातली एक सोलून खाल्ली आणि पाच बॉलची ओव्हर झाली. त्या शेंगेचा उल्लेख अजून लग्नकार्यात निघतो.

आता बॉलरचं. खापरखेड्याजवळच्या वलनीचा उमेश यादव, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, टेनिस बॉलवर हात बसवून 2011 साली टेस्ट खेळला. विदर्भाकडून तिथवर पोचलेला पहिलाच. तेव्हापासून आमच्याकडे स्पिन टाकणं म्हणजे अंगात दम नसल्याची कबुली. 1 जानेवारी 2018 ला विदर्भानं इंदूरला दिल्लीला हरवून पहिली रणजी उचलली आणि फायनलमध्ये रजनीश गुरबानीनं हॅटट्रिक घेतली, मग तर रनअप आणखी लांबले. आमचा सध्याचा 'उमेश' थेट डांबरी रस्त्यावरून सुटतो. एसटी आली की थांबतो, कंडक्टरला नमस्कार करतो, पुन्हा सुटतो. इतक्या लांबून येणाऱ्याची वाट पाहून नॉन-स्ट्रायकर, म्हणजे बॉलरच्या टोकाला उभा असलेला बॅट्समन, कंटाळतो आणि न कळत क्रीज सोडून पुढे सरकतो. माझ्या संसाराचं जे काही झालं, ते या रनअपमुळे.

मागच्या मे महिन्यात मुलीचं लग्न झालं. सासर आठ किलोमीटरवर, जावईबापू पतसंस्थेत, पोरगा सोन्यासारखा. फक्त तो त्यांच्या गावाकडून ओपनिंग करतो, ही माहिती बैठकीत कोणी दिली नव्हती. यंदा दोन्ही गावं तिसऱ्या बक्षिसासाठी समोरासमोर आली. पहिलं बक्षीस 21,001 रुपये, दुसरं 11,001 आणि तिसरं एक बोकड. रोख रक्कम कुणाच्या हाताला लागते ते पोरांना माहीत आहे. म्हणून खरी चुरस कायम तिसऱ्यासाठी. बोकड बाउंड्रीवर बांधलेला होता आणि दोन्ही संघांकडे सारख्याच संशयानं बघत होता. या मैदानात माझ्याशिवाय निःपक्ष असा तोच.

शेवटची ओव्हर. चार रन पाहिजेत, शेवटची जोडी, जावईबापू माझ्या बाजूला, नॉन-स्ट्रायकर. उमेश रस्त्यावरून निघाला, धावत आला, आला, आणि बॉल न टाकता त्यानं स्टंप उडवला. जावईबापू हातभर बाहेर.

"गुरुजी, आऊट! अश्विननं बटलरले केलता तसा!"

मैदान चिडीचूप. खरं तर हे पोरगं मूळचं अश्विनचं नाही, माझं. 2022 च्या सप्टेंबरात दीप्ती शर्मानं लॉर्ड्सवर चार्ली डीनला असंच काढलं, त्या आठवड्यात मी मधल्या सुट्टीत फळ्यावर क्रीज काढून सातवीला समजावलं होतं की ही लबाडी नाही, साधा रनआऊट आहे. विनू मंकडांनी 1947 सालीच ऑस्ट्रेलियात बिल ब्राउनला केला होता. सातवीतल्या त्या पोराला तेराचा पाढा अजून येत नाही. हे मात्र पक्कं बसलं.

भोंग्यावरचा कॉमेंट्रीवाला सुटला. "गुरुजींच्या जावयाचा पाय बाहेर! निर्णय गुरुजींच्या हातात! काकू बी मैदानात हजर हाय!" काकू म्हणजे आमच्या घरातल्या. त्या वर्षभर मैदानाकडे फिरकत नाहीत, नेमक्या आजच डब्यात चिवडा घेऊन आल्या होत्या. लिंबाखालून एका म्हाताऱ्यानं हाक मारली, "अरे मास्तर, लग्नात त्या पोराचे पाय धुतले ना तू? आन् आता पाय बाह्यर म्हन्तं?"

मी क्रीजकडे पाहिलं. चुन्याची रेघ पुसली गेली असती तर बरं झालं असतं. सकाळी ती मीच आखली होती, आणि मास्तरानं आखलेली रेघ पुसत नाही. बोट वर केलं.

जावईबापू बॅट काखेत मारून जाताना हळूच म्हणाले, "मामाजी, नियमानं बरोबर हाय तुमचं." शिवी दिली असती तर झेपलं असतं.

सामना संपल्यावर ते मुक्कामाला आमच्याकडेच येणार होते. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी. पोळीवर तुपाची धार धरताना ही मला म्हणाली, "तुमाले बोट वर कराले आमचे जावईच भेटले?" आणि धार माझ्या पोळीवर यायच्या आधी संपली. तोवर दारात पोरगं. हातात ॲल्युमिनियमचा डबा, झाकणाखालून रस्स्याचा वास. "गुरुजी, बोकड झाला. पोरायनं तुमचा वाटा पाठोला."

आयुष्यात मी कुणाचा चहासुद्धा फुकट घेतलेला नाही. तो डबा जावयासमोर पाटावर ठेवला गेला तेव्हा त्यांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या उजव्या हाताकडे. खुलासा करावा म्हणून तोंड उघडलं, पण तर्री अंगावर आलेल्या त्या रस्स्यापुढे कायद्याची भाषा चालेना. हिनं डबा पूर्ण त्यांच्या ताटात रिकामा केला. त्यांनी तो आवडीनं खाल्ला. शेवटी म्हणाले, "आमचाच होता तसा."

सकाळी निघताना जावईबापू नमस्काराला वाकले. मुलगी शेजारी, ही कुंकवाचा करंडा घेऊन उंबऱ्यात. मी भरल्या गळ्यानं आशीर्वादासाठी हात उचलला.

बोट एकच वर आलं.