आकाशी की संत्री? घाई करू नका

हॉलच्या भिंतीला फिका आकाशी लावायचा की गडद संत्री, हे एका आठवड्यात ठरवणारी माणसं मला उथळ वाटतात. तुम्ही तसं करू नका.

रंगकाम मे महिन्यातच काढा. नागपुरात पारा ४५ वर, सोफा आणि कपाट हॉलच्या मधोमध चादरीखाली, कूलर खिडकीतून उतरवलेला. अशा वेळी डोकं कसं शांत असतं!

शेड कार्ड दुकानातल्या ट्यूबलाइटखालीच बघा. घरी नेलं की रात्री पिवळ्या बल्बखाली तोच आकाशी हिरवट दिसतो, उगाच शंका येते. कार्डावरचा तुकडा तिकिटाएवढा असतो, त्यावरून बारा फुटी भिंत डोळ्यांपुढे आणा, काही जड नाही. दुकानदार एलआरव्हीचा आकडा दाखवेल. रंग किती उजेड परत फेकतो, ते शून्य ते १०० मध्ये मोजतात. मान डोलवा आणि अंधाऱ्या खोलीसाठी संत्रीच निवडा. भरदुपारी दिवा लावून बसण्यात एक वेगळाच रुबाब आहे.

आकाशीवाले म्हणतील, थंडावा येतो. मान्य करून टाका. ऊन स्लॅबमधून उतरतं, आतल्या रंगाने खोली गार होत नाही, असल्या बारीकसारीक गोष्टी मध्ये आणू नका. गच्चीवर चुना मारला असता तर थोडा फरक पडला असता म्हणे, पण पाहुणे काही गच्चीवर बसत नाहीत. संत्रीच्या बाजूने मेहुणा उभा राहतो. “संत्रानगरीत राहता आणि भिंत निळी?” त्याचा स्वतःचा हॉल पांढरा आहे, हे त्याला विचारू नये.

नमुना मात्र मारून बघाच आणि ओला असतानाच निकाल द्या. इमल्शन सुकलं की बहुधा गडद होतं, पण तेवढं थांबतो कोण? आमच्या भिंतीवर असे सात चौकोन झाले. आठव्याला बायकोने ब्रश लपवला.

शेवटी पेंटरला विचारा. आमच्या पेंटरभाऊंनी भुवईवरची पुट्टी पुसत दोन्हीकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “दोन्ही मस्त दिसन जी. तुमी सांगान तो मारतो.”

आम्ही दोन्ही आणले. एक भिंत तिची, एक माझी, उरलेल्या दोन अजून वादात आहेत.

डबे मात्र उरले. मशीनवर घोटलेला रंग दुकानदार परत घेत नाही. पेंटरभाऊंनी दोन्ही एका बादलीत ओतले आणि काठीने ढवळले. संत्री आणि निळा एकमेकांना मारतात, हे शाळेतल्या रंगपेटीतच कळलं होतं. झाला तो उकळून उकळून उतू गेलेल्या चहासारखा. तो जिन्याला मारला.

वरच्या मजल्यावरच्या काकू तिसऱ्यांदा विचारून गेल्या, “शेड कोणती हो ही? नंबर द्या ना.”