वाटेत अपघात झाला तर भरपाई नाही? कोण म्हणतं?

कामगारांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘भरपाई फक्त गेटच्या आत झालेल्या अपघाताची. वाटेत काही झालं तर नशीब. हात गेला तर तक्त्यातल्या टक्क्यांएवढेच पैसे. कंत्राटी माणसाला कंपनी काही देणं लागत नाही. सही केली की विषय संपला.’ असले मेसेज वाचून लोक दावाच करत नाहीत, म्हणून हे लिहितोय.

आधी वाटेतला अपघात. महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याचा वॉचमन २००३ मध्ये पहाटे तीनच्या ड्युटीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. कामगार भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांनी त्याच्या बायकोला आणि घरच्यांना ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केलं. उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई पुन्हा बहाल केली: अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल, तर घर ते कामाची जागा हा प्रवासही नोकरीतलाच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत, म्हणजे भरपाईच्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या कायद्यात, ही तरतूद थेट लिहिलेलीच आहे. मात्र खासगी कामासाठी वाट वाकडी केली असेल, तर दावा अडचणीत येऊ शकतो. बावीस वर्षं त्या वॉचमनच्या बायकोने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, हे मला अजूनही बोचतं.

टक्क्यांचं म्हणाल, तर कोणत्या दुखापतीने कमाईची ताकद किती टक्के गेली धरायची, याचा कायद्यात तक्ता आहे, पण तो शेवटचा शब्द नाही. १९७०च्या दशकातच सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण आलं होतं. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. मालकाचं म्हणणं, हे अंशतः अपंगत्व. कोर्ट म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी हे पूर्ण अपंगत्वच. म्हणून दाव्याच्या अर्जात नुसतं ‘हात गेला’ लिहू नका, त्या हाताने रोज कोणतं काम करत होतात ते लिहा.

कंत्राटी असलात तरी काम कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचं असेल, तर दावा मूळ कंपनीवर करता येतो. कंत्राटदाराकडून वसूल करणं ही तिची डोकेदुखी.

आणि सही? भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल. कायमच्या अपंगत्वाबद्दल रक्कम ठरवून केलेली तडजोड भरपाईचे दावे ऐकणाऱ्या सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर तो नोंदणी नाकारू शकतो.

मुदत मात्र पाळा: अपघातापासून दोन वर्षांच्या आत दावा दाखल करा.