‘फॉरमॅट मारलं की पाऊण तासात सुटतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, म्हणून लगेच उत्तर लिहिलं नाही. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा त्यातलं एक वाक्य डोळ्यांत भरलं. ते वाक्य तुम्ही सहज जाताजाता लिहिलंय आणि बहुधा सगळं उत्तर त्यातच आहे. त्याकडे येतो.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी मांडतो. तुम्ही व्यापाऱ्यांचे हिशेब ठेवता, जीएसटीची रिटर्न्स भरून देता. मे महिन्यात ऐन १९ तारखेला बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडेना. आयकॉनवर डबल क्लिक केलं की अर्धा सेकंद चौकट दिसायची आणि गायब. दुसऱ्या दिवशी रिटर्नची शेवटची तारीख. अचानक बंद पडणाऱ्या प्रोग्रॅम्सवरचा माझा लेख समोर ठेवून तुम्ही दोन तास घालवलेत, हाती काही लागलं नाही. मग चौकातल्या हार्डवेअरवाल्या पोराने मशीन फॉरमॅट मारलं आणि पाऊण तासात काम चालू. बिलांचे नमुने आणि प्रिंटरची सेटिंगं परत बसवण्यात दोन दिवस गेले, पण ते चालायचंच, असं तुम्हीच म्हणता. जाताजाता हेही लिहिलंत: ‘रात्री लाइट गेली होती तोपर्यंत सगळं नीट होतं, सकाळी उघडेना.’ आता गेल्या आठवड्यात परत तेच झालंय आणि तुम्ही त्याच पोराला बोलावणार आहात. माझ्या लेखाबद्दल तुमचा शेरा: ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला. सामान्य माणसाला लॉग-बिग काय करायचाय? मॅकवर आणि मोबाईलवर असली भानगडच नसते.’

आधी माझ्या चुका. लेखात मी ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही कमांड चालवा असं तिसऱ्या पायरीला लिहून मोकळा झालो होतो. तुम्ही चालवलीत, वीस मिनिटं काळ्या पडद्याकडे बघत बसलात, आणि शेवटी ‘काहीही दोष आढळला नाही’ असा निरोप आला. तो यायचाच होता. ती कमांड फक्त विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासते. दुसऱ्या कंपनीच्या बिलिंग सॉफ्टवेअरची कुठली फाइल सडली आहे, याच्याशी तिला देणंघेणं नाही. हे मी लिहायला हवं होतं. तुमची वीस मिनिटं माझ्या खात्यावर. लेख आता दुरुस्त केलाय.

दुसरी चूक इव्हेंट व्ह्यूअरची, म्हणजे विंडोज ठेवत असलेल्या नोंदी (लॉग) दाखवणाऱ्या खिडकीची. ‘तिथे शेकडो लाल खुणा होत्या, घाबरायला झालं,’ असं तुम्ही लिहिलंय. धडधाकट मशीनमध्येही त्या असतात. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असे फोन करून लुबाडणारे लोक गिऱ्हाइकाला मुद्दाम हीच खिडकी उघडायला लावतात, ती याचसाठी. मी रिलायबिलिटी हिस्टरीपासून सुरुवात करायला सांगायला हवं होतं. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असं इंग्रजीत टाइप केलंत की ती वर येते. दिवसवार तक्ता दिसतो, ज्या दिवशी प्रोग्रॅम पडला तिथे लाल फुली, आणि त्याच दिवशी कुठलं अपडेट किंवा ड्रायव्हर आला तेही खाली. एका नजरेत कळतं की आधी काय झालं आणि मग काय.

पण लॉग सामान्य माणसाच्या कामाचा नाही, हे मला मान्य नाही. तुम्ही तो वाचलात की! फक्त अर्थ चुकीचा लावलात. ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ (प्रोग्रॅम पडला तेव्हा ज्या फाइलमध्ये होता ती) समोर ‘एनटीडीएलएल’ दिसलं, ती फाइल विंडोजची आहे असं कुणीतरी सांगितलं, म्हणजे विंडोजच बिघडली. विंडोजवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम त्या फाइलमधून ये-जा करतो. प्रेत ज्याच्या दारात सापडलं तोच खुनी, असं पोलीससुद्धा म्हणत नाहीत. त्याच नोंदीतला तुम्ही पाठवलेला चुकीचा कोड, सी, सहा शून्यं आणि शेवटी पाच, एवढंच सांगतो की प्रोग्रॅमने आपल्या मालकीची नसलेल्या मेमरीत हात घातला आणि विंडोजने त्याला तिथल्या तिथे थांबवलं. मेला कसा ते कळलं. कशामुळे, ते अजून शोधायचंय.

इथे तुमचं ते वाक्य. रात्री लाइट गेली होती. सॉफ्टवेअर उघडं असताना गेली असणार, हा माझा अंदाज. चूक असेल तर सांगा. बहुतेक प्रोग्रॅम आपली सेटिंगं एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतात: शेवटची कंपनी कुठली उघडली होती, प्रिंटर कुठला, खिडकी केवढी होती. ती फाइल लिहिली जात असताना वीज गेली तर एक विचित्र प्रकार होतो. फाइलचं नाव आणि आकार डिस्कच्या वहीत नोंदला जातो, कारण त्या नोंदींची विंडोज विशेष काळजी घेतं. आतला मजकूर मात्र डिस्कवर पोचलेलाच नसतो. मग सकाळी फाइल जागच्या जागी, आकार बरोबर, आणि आत निव्वळ शून्यं. नोटपॅडमध्ये उघडली तर नुसती मोकळी जागा. काळजीपूर्वक लिहिलेला प्रोग्रॅम आधी वेगळ्या नावाने नवी फाइल लिहितो आणि ती पूर्ण झाल्यावरच जुनीच्या जागी ठेवतो, शिवाय काही गडबड दिसली तर नव्याने सेटिंगं तयार करतो. सगळेच इतके शहाणे नसतात. तुमचा ती शून्यं वाचायला जातो आणि उंबऱ्यातच आडवा होतो.

फॉरमॅटने हे सुटलं, यात आश्चर्य नाही. बाकी सगळ्याबरोबर ती फाइलही गेली. पण पखाल नवी आली, रेडा तसाच राहिला. तो तुमच्या टेबलाखाली बसलाय, लाइट गेल्यावर दहा सेकंदात शीळ घालून बंद पडणाऱ्या यूपीएसच्या रूपाने. (हाही अंदाजच. पण तीन-चार वर्षांच्या यूपीएसची बॅटरी बदललेलं ऑफिस मला फार कमी ठिकाणी दिसलंय.)

‘नुसतं काढून परत टाकून बघितलं, तरी नाही उघडलं,’ असंही तुम्ही लिहिलंय आणि त्यावरून बिघाड खोल असणार असं ठरवलंत. उलट, त्यावरून मला सेटिंगच्या फाइलचा संशय जास्त येतो. अनइन्स्टॉल करणारा प्रोग्रॅम सहसा इन्स्टॉल करताना स्वतः ठेवलेलं तेवढंच उचलतो. नंतर तयार झालेली सेटिंगं, तुम्ही घातलेल्या फाइली, डेटा, हे तो मागे ठेवतो, आणि ते बरंच आहे, नाहीतर सॉफ्टवेअर काढताना वर्षाची बिलंही गेली असती. परत इन्स्टॉल केल्यावर नवा प्रोग्रॅम येतो आणि जुनीच सडलेली फाइल वाचायला घेतो.

हे मी डोळ्यांनी बघितलंय, थोड्या निराळ्या रूपात. माझी मामेबहीण कऱ्हाडला डीटीपीचं दुकान चालवते. ऐन लग्नसराईत तिचं पत्रिका लावायचं सॉफ्टवेअर उघडायचं बंद झालं. लोगो यायचा, खाली ‘फॉन्ट लोड होत आहेत’ अशा अर्थाची ओळ, आणि खेळ खलास. दोनदा काढून टाकून झालं. एक जण म्हणाला रॅम बदला, दुसरा म्हणाला विंडोज जुनं आहे. मी तिला फोनवर एवढंच विचारलं: काल चालत होतं ना, मग कालपासून आजपर्यंत मशीनमध्ये नवं काय आलं? ‘काही नाही रे दादा.’ सगळे आधी असंच म्हणतात.

रविवारी गेलो. मायक्रोसॉफ्टचं प्रोसेस मॉनिटर नावाचं फुकट साधन आहे. कुठला प्रोग्रॅम कुठल्या क्षणी कुठली फाइल उघडतो याची ते ओळीने नोंद करतं. एका मिनिटात लाखो ओळी होतात, म्हणून फक्त तिच्या सॉफ्टवेअरच्या नावाची चाळणी लावली, नोंद सुरू केली, आयकॉनवर क्लिक केलं, पडू दिलं, नोंद थांबवली. मग सगळ्यात तळाला गेलो. शेवटच्या काही ओळी पंचनाम्याच्या असतात, प्रोग्रॅम पडल्यावर विंडोज स्वतःसाठी टिपणं काढतं त्या. त्या ओलांडून वर सरकलो, तर एकामागून एक फॉन्टच्या फाइली वाचलेल्या: उघडली, वाचली, मिटली, उघडली, वाचली, मिटली. आणि एक फाइल उघडली, वाचली, आणि मिटलीच नाही.

‘अगं, हा फॉन्ट कुठला?’

‘तो होय? परवा नवऱ्यामुलाच्या मामांनी पेन ड्राइव्हवर आणला. त्यांना पत्रिकेवर हाच हवा होता.’

६४ केबीची फाइल. तोच फॉन्ट तिच्या जुन्या सीडीवर १४८ केबीचा. मामांच्या पेन ड्राइव्हवर तो आधीच कुठेतरी अर्धवट कॉपी झालेला होता, आणि तिने तो सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फॉन्ट फोल्डरमध्ये टाकला होता. ते फोल्डर अनइन्स्टॉल करताना जागचं हललंही नव्हतं. फाइल उचलून डेस्कटॉपवर ठेवली, सॉफ्टवेअर उघडलं. मामांना सीडीवरचा फॉन्ट मिळाला.

प्रोसेस मॉनिटर जमत नसेल तरी हे काम होतं. फॉन्टचं अर्धं फोल्डर बाजूला काढा. उघडलं तर गुन्हेगार काढलेल्या अर्ध्यात, नाही तर राहिलेल्यात. परत अर्धं. हजार फॉन्ट असले तरी दहा फेऱ्यांत एकावर येता. स्टार्टअपला चालू होणारे प्रोग्रॅम, ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, सगळीकडे हीच युक्ती चालते.

आता मॅक आणि मोबाईल. १२ नोव्हेंबर २०२० ला, बिग सर ही मॅकची नवी आवृत्ती आली त्याच दिवशी, जगभरचे मॅक अडखळले. अ‍ॅप उघडताना त्याचं सर्टिफिकेट (ते कुणी बनवलं याचा दाखला) रद्द तर झालेलं नाही ना, हे मॅक अ‍ॅपलच्या सर्व्हरला विचारतो. तो सर्व्हर त्या दिवशी ना धड उत्तर देत होता ना धड बंद होता, त्यामुळे अ‍ॅप दारात ताटकळत राहिली. गंमत म्हणजे इंटरनेट बंद केलं की ती पटापट उघडायची, कारण सर्व्हर पोचण्यासारखा नाही असं दिसलं की मॅक पुढे जातो. मोबाईलचं म्हणाल तर २३ मार्च २०२१ ची सकाळ आठवा. अँड्रॉइडवर जीमेलसकट कितीतरी अ‍ॅप उघडल्या उघडल्या बंद पडत होती. जीमेल काढून परत टाकून उपयोग नव्हता, कारण दोष जीमेलमध्ये नव्हताच. अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवणारा वेबव्ह्यू नावाचा भाग असतो, गोची त्याच्यात झाली होती. गूगलने वेबव्ह्यू आणि क्रोमचं नवं अपडेट सोडलं तेव्हा मिटलं. अशा वेळी पहिलं काम म्हणजे शेजारच्याला विचारणं: तुझंही बंद आहे का? त्याचंही बंद असेल तर चहा टाका, मशीनला हात लावू नका.

तुमच्या ऑफिसातल्या दुसऱ्या मशीनची गोष्ट मात्र वेगळी आहे, तिथे थोडं रागवणार आहे. ‘व्हीसीरनटाइम १४० सापडत नाही’ असा निरोप आला, म्हणून तुम्ही कुठल्याशा साइटवरून ती एक डीएलएल (प्रोग्रॅमना लागणारी मदतनीस फाइल) उतरवून विंडोजच्या सिस्टिम ३२ फोल्डरमध्ये चिकटवलीत, आणि मग नवाच आकडा आला: सी, पाच शून्यं, सात आणि बी. हा आकडा बहुतेक वेळा ३२ बिट आणि ६४ बिट या प्रोग्रॅमच्या दोन जातींची भेसळ झाल्याचा असतो. तुम्ही ३२ बिटची फाइल ६४ बिटच्या घरात नेऊन ठेवलीत. त्यात तुमचा दोष निम्माच. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ‘सिस्टिम ३२’ हे ६४ बिटच्या फाइलींचं फोल्डर आहे आणि ३२ बिटच्या फाइली ‘सिसवाऊ ६४’ मध्ये राहतात. हे नामकरण ज्याने केलं त्याला नमस्कार. ती चिकटवलेली फाइल काढा, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रीडिस्ट्रिब्युटेबल (असल्या फाइलींचा अधिकृत संच) उतरवा, एक्स ८६ (३२ बिट) आणि एक्स ६४ (६४ बिट) दोन्ही, आणि अँटिव्हायरसची एक फेरी मारा. अनोळखी साइटवरची डीएलएल म्हणजे रस्त्यात सापडलेलं इंजेक्शन.

तर पोराला बोलावण्याआधी. बिलिंगचा डेटा पेन ड्राइव्हवर कॉपी करा, हे सगळ्यात आधी. मग टास्क मॅनेजर उघडून बघा, सॉफ्टवेअर आत कुठेतरी अर्धमेलं चालू तर नाही ना. असेल तर बंद करा आणि परत उघडून बघा. विंडोज सिक्युरिटीच्या प्रोटेक्शन हिस्टरीत त्याची एखादी फाइल जप्त झालेली नाही ना, तेही एकदा बघून घ्या. नंतर विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबा, येणाऱ्या चौकटीत दोन टक्क्याच्या चिन्हांमध्ये ‘अ‍ॅपडेटा’ इंग्रजीत लिहा (%appdata%) आणि एंटर मारा. तिथे तुमच्या सॉफ्टवेअरच्या नावाचं फोल्डर मिळेल. काही जुनी सॉफ्टवेअरं सेटिंगं आपल्याच फोल्डरमध्ये ठेवतात, तिथेही बघा. लाइट गेली त्या रात्रीची तारीख-वेळ असलेली छोटी फाइल शोधा आणि नोटपॅडमध्ये उघडा. कोरी दिसली तर तिच्या नावापुढे ‘जुनी’ असं जोडून ठेवा. डिलीट करू नका, आणि डेटाच्या फोल्डरला अजिबात हात लावू नका. मग सॉफ्टवेअर उघडा.

उघडलं नाही तर रिलायबिलिटी हिस्टरीतल्या त्या लाल फुलीचा तपशील इथेच खाली चिकटवा. त्यात युजरचं किंवा कुठल्या पार्टीचं नाव आलं असेल तर ते आधी खोडा. मी रात्री नऊनंतर असतो. आणि यूपीएसच्या बॅटरीसाठी आजच फोन करून ठेवा, वीस तारखेला सहाच दिवस राहिलेत.