'जुनं पुसा, तरच नवं शिकाल' : पालक-ग्रुपवरच्या एका मेसेजला उत्तर

शाळेच्या पालक-ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज चौघांनी टाकला. त्यात चार मुद्दे आहेत. एक, मेंदू म्हणजे कप. भरलेल्या कपात नवा चहा मावत नाही, म्हणून आधीचं विसरायला शिका. दोन, लहानपणीच ॲबॅकससारखं काहीतरी शिकवा, डोक्याला धार लागते आणि सगळे विषय आपोआप सुधारतात. तीन, घरात गावठी बोलणाऱ्या लेकराचं इंग्रजी कधीच सुधारत नाही, तेव्हा आजपासून घरात बोली बंद. चार, चाळिशीनंतर नवं काही डोक्यात शिरत नाही, जुन्या सवयी आड येतात.

पहिल्या दोन मुद्द्यांचं आपसातच पटत नाही. आधीचं शिकलेलं अडचणच असेल तर ॲबॅकस तरी कशाला शिकवायचा? असो. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी एकवीस वर्षं प्राथमिकला शिकवतोय. ग्रुपवर चार ओळीत उत्तर देता येईना, म्हणून हे लांबण.

कपापासून सुरू करू. जुनं नव्याच्या आड येतं, हे खोटं नाही. १९५७ साली बेंटन अंडरवूड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं जुन्या प्रयोगांचे आकडे एकत्र मांडून दाखवलं की, शब्दांची एकच यादी पाठ केलेल्यांना दुसऱ्या दिवशी तिच्यातलं पाऊण हिस्सा आठवायचं. आधी अशा बऱ्याच याद्या पाठ केलेल्यांना शेवटच्या यादीतलं जेमतेम पाव. म्हणजे कपाची गोष्ट खरी? नाही. त्या सगळ्या याद्या एकसारख्या होत्या, म्हणून एकीतलं दुसरीत मिसळत होतं. जागा संपली असं काही झालेलं नव्हतं. आमच्या तिसरीत 'आठ साती' विचारलं की निम्मी पोरं 'चोपन्न' म्हणतात, कारण 'नऊ सक चोपन्न' शेजारीच बसलेलं असतं. पण पाढ्यामुळे कुणी कविता विसरल्याचं मी पाहिलेलं नाही.

शेतातलं उदाहरण देतो. आमच्या एका सोयऱ्यांनी वसमतकडे हळदीला ठिबक बसवलं. पहिल्या वर्षी बघावं तर सरीत पाणी उभं. का? तर तीस वर्षं पाटानं पाणी दिलेलं; पाणी डोळ्याला दिसलं नाही तर दिल्यासारखं वाटतच नाही. नळ्या नव्या, हात जुना. मेसेजवाल्याच्या हिशेबानं त्यांनी सगळं जुनं विसरायला हवं होतं. प्रत्यक्षात घडलं ते वेगळंच. एका कृषी सहायकानं त्यांना मूठभर माती उचलायला लावली आणि म्हणाला, "मामा, वाफसा कळतो ना तुम्हाला? ठिबक म्हणजे रोज वाफसा ठेवायचा, बस." वाफसा, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी स्थिती, त्यांना बापानं शिकवलेला. तेवढ्या एका शब्दावर पुढच्या वर्षी सरी कोरडी आणि मुळाशी ओल. आड आलं तेही जुनंच आणि कामाला आलं तेही जुनंच, आणि दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यात. आता यातला कोणता कप रिकामा करायचा?

ॲबॅकसचं थोडक्यात. मणी सरकवून बेरीज-वजाबाकी वेगानं येते, त्याबद्दल वाद नाही. पण 'सगळे विषय आपोआप' हे १९०१ सालीच फिसकटलेलं आहे. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी माणसांना चौकोनांचं क्षेत्रफळ नजरेनं ओळखायचा भरपूर सराव दिला, मग आकार आणि माप बदललं; सरावाचा फायदा फारच थोडा पुढं गेला. शिकलेलं दुसरीकडे जातं ते दोन्हीकडे काही सारखं असेल तेवढंच. आमच्याकडे ॲबॅकसच्या तीन लेव्हल झालेली एक मुलगी आहे. तोंडी हिशेबात माझ्यापेक्षा फास्ट. पण 'बारा क्विंटल सोयाबीनमधलं तीन क्विंटल बियाण्याला ठेवलं' असं शाब्दिक उदाहरण दिलं की पहिला प्रश्न, "सर, बेरीज करू का वजाबाकी?" मणी तिला तेवढं सांगत नाहीत, आणि त्यात त्या पोरीचा दोष नाही.

याला दुसरी बाजूही आहे. १९०८ साली चार्ल्स जड या मानसशास्त्रज्ञानं मुलांना पाण्याखालच्या लक्ष्यावर नेम धरायला लावलं. एका गटाला आधी समजावलं की पाण्यात प्रकाश वाकतो, म्हणून वस्तू दिसते तिथं नसते. बारा इंच पाण्यात दोन्ही गट सारखेच. पाणी चार इंचांवर आणलं तेव्हा मात्र कारण माहीत असलेली मुलं पटकन सावरली. म्हणजे 'का' कळलेलं पुढं जातं, नुसता हात बसलेला फारसा जात नाही. क्लास लावताना एवढं विचारून बघा की ते 'का' शिकवतात का.

आता बोली. या मुद्द्यावर मला खरा राग आला, कारण हा मेसेज वाचून एका आईनं मला विचारलं, "सर, मग म्या घरी लेकराशी बोलूच नको का?"

आमची पोरं म्हणतात, 'काय करायलास?', 'अभ्यास करायलो' (म्हणजे 'करतोय'). शहरातले पाहुणे हसतात. पण इंग्रजीत 'आय डू' आणि 'आय ॲम डूइंग' यांतला फरक मी याच 'करायलो'वर शिकवतो. फळ्यावर दोन वाक्यं लिहितो: 'मी रोज शाळेत जातो.' 'मी शाळेत जायलो.' विचारतो, दुसऱ्यात पोरगं कुठं आहे? एका दमात उत्तर येतं: "वाटंवर!" मग म्हणतो, हे वाटेवरचं आलं की 'आयएनजी' लावायचं. त्या दिवशी व्याकरणाचं पुस्तक उघडावं लागत नाही.

हाच 'करायलो' पुढं दगाही देतो. 'मला डोंगर दिसायलाय' याचं पोरं 'आय ॲम सीइंग' करतात, आणि ते चुकतं. 'मला सांगितलं'मधला 'ला' उचलून 'ही टोल्ड टू मी' लिहितात. बोली आड येते ती अशी, चार-सहा ठरावीक जागी. त्या जागा मला पाठ आहेत. तिथं आल्यावर मी थांबतो आणि म्हणतो, इथं आपलं चालत नाही बरं का. बोलीच बंद केली तर या चार-सहा चुकांसाठी 'वाटंवर' म्हणणारं पोरगंही गप्प होईल.

आणि बोली बंद करायची तर कुणाकुणाची? तांड्यावरच्या बंजारा लेकरांची घरची भाषा गोरमाटी. त्यांना पहिलीतलं मराठी हीच नवी भाषा. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड कानावर असते. तिकडच्या बाजारात बाया दोन-तीन भाषांत भाव करतात आणि कुणाचाही कप सांडत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य असेल तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असंच लिहिलंय. मेसेजवाल्यानं ते वाचलेलं नसावं.

आता गणित, कारण मराठी गणितातही आडवी येते असं काही पालक म्हणतात. येते, मान्य. 'त्रेसष्ट' म्हटलं की दुसरीतली पोरं ३६ लिहितात: कानाला तीन आधी ऐकू येतात, साठ नंतर. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' अशी वाचनाची रीत जोडीला दिली तेव्हा राज्यभर थट्टा झाली. मला ती थट्टा तेव्हाही पटली नव्हती. ज्याचा नेमका गोंधळ होतोय त्याला दोन महिने 'साठ तीन' म्हणू द्या, त्रेसष्ट कुठं पळून जात नाही.

पण पाचवीतला एक तास सांगायलाच हवा. फळ्यावर १/२ + १/४. किराणा दुकानवाल्याच्या पोरानं लिहिलं २/६. वरचे वर मिळवले, खालचे खाली; चार वर्षं पूर्णांकांची बेरीज केलेली, तीच इथं चालवली. मी खोडलं नाही. विचारलं, "तुझ्या दुकानात अर्धा किलो साखर दिली, वर पाव किलो दिली. किती झाली?" "पाऊण किलो, सर." विचार करायलाही थांबला नाही. मग मी गप्प उभा राहिलो. त्यानं फळ्याकडं बघितलं, २/६ कडं बघितलं, आणि स्वतःच डस्टर उचललं. "हे तर अर्ध्यापेक्षाही कमी झालं की!"

पाऊण त्याला दुकानात येत होता, वर्गात आठवला नाही. ब्राझीलमध्ये रेसिफे शहरात १९८५ साली हेच मोजलं गेलं: रस्त्यावर नारळ-फळं विकणारी मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब ९८ टक्के बरोबर करत, तशीच गणितं नुसत्या आकड्यांत कागदावर दिली की ३७ टक्के. ठेला आणि कागद यांच्यामध्ये पूल आपोआप बांधला जात नाही. 'साखर किती झाली' असं कुणीतरी विचारावं लागतं. आणि विचारायचं तर लेकराला दुकानातलं काय येतं, हे मास्तरला ठाऊक पाहिजे. डोकं कोरं करून बसवलं असतं तर त्या पोराकडं २/६ तेवढंच उरलं असतं.

राहिला चाळिशीचा मुद्दा. आमच्या आजोबांची शाळा निजामाच्या राज्यातली, सगळी उर्दूत. १९४८ ला राज्य गेलं, १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, आणि पंचविशीपर्यंत उर्दूत हिशेब लिहिणारा हा माणूस पुढं मराठीत कागद लिहायला शिकला. अर्ज तर चाळिशीनंतर गावातल्या निम्म्या लोकांचे त्यांनीच लिहिले. जमाखर्च तोच होता, लिपी तेवढी बदलली. फक्त सन त्यांच्या डोक्यात निजामाच्या राज्यातला फसलीच राहिला. जन्मसाल विचारलं की आधी पुटपुटायचे, "तेराशे चौतीस", मग बोटांवर पाचशे नव्वद मिळवायचे आणि सांगायचे, "एकोणीसशे चोवीस". ते कधी चुकलं नाही. दोनदा मात्र घाईत पावतीवर मिळवायचं राहिलं, आणि घेणाऱ्यानं पावती परत पाठवली, की साहेब, ही सहाशे वर्षांपूर्वीची दिसते.